जोडघर आणि तळघर

घर पाहावे बांधून व लग्न पाहावे करून, ही म्हण आपल्या भाषेत फार दिवसांची आहे. दोन्ही कार्यांत खर्चाचा अंदाज चुकतो, सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि एकदा झालेली गोष्ट सहसा फिरविता येत नाही, एवढा तिचा अर्थ. परंतु दोन कुटुंबांनी मिळून एकाच भिंतीच्या दोहों अंगांस घरे बांधावयाची ठरविली, म्हणजे ह्या म्हणीतील दोन्ही गोष्टी एकदमच घडतात असे म्हणावयास हरकत नाही. कारण घर तर बांधले जातेच, पण त्याबरोबर शेजाऱ्याशी जन्माचा संबंधही जोडला जातो. अशा घरास आम्ही ह्या लेखात जोडघर म्हणणार आहो. तीन बाजू मोकळ्या, चौथ्या बाजूस शेजाऱ्याचे घर, आणि मधली भिंत दोघांची, असे त्याचे स्वरूप असते.

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) विद्यार्थ्यांस अशी घरे नवीन नाहीत. गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून सिडकोने येथे ज्या वसाहती वसविल्या, त्यांत एकास एक लागून असलेली घरे ओळीने उभी आहेत. शहराभोवतालच्या नव्या वस्त्यांतूनही दोघे भाऊ, किंवा दोघे स्नेही, एक जागा घेऊन तिचे दोन सारखे भाग करतात व जोडघर बांधतात. त्यात एक भिंत वाचते, एका बाजूस सोडावयाची मोकळी जागा वाचते, आणि मधल्या भिंतीवर ऊन पडत नसल्यामुळे घर काहीसे थंडही राहते. हे लाभ उघड आहेत. परंतु जागा लहान पडू लागली की घरातील कोणीतरी असा प्रश्न काढतोच की, वर बांधण्यास मर्यादा आहे, मग खाली का जाऊ नये? घराखाली तळघर काढले तर सामानास, वाहनास, अभ्यासास एक आयती खोली मिळणार नाही काय? ह्या प्रश्नाचा शास्त्रदृष्ट्या व व्यवहारदृष्ट्या विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे पाहू की, ज्या देशांत घराघराखाली तळघर असते तेथे ते का असते. कॅनडासारख्या शीत देशांत हिवाळ्यात जमिनीतील पाणी गोठते. पाणी गोठून बर्फ झाले म्हणजे त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, आणि ही वाढ वरील पाया उचलून भिंतींस तडे पाडू शकते. म्हणून तेथे पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. टोरोंटो शहराच्या परिसरात ही खोली सुमारे १.२ मीटर धरतात. इतके खणणे जर प्राप्तच आहे, तर आणखी थोडे खणून खाली एक मजला काढणे त्या लोकांस फारसे महाग पडत नाही. शिवाय घर तापविण्याची भट्टी व पूर्वी तिचा कोळसा ठेवण्यास ती जागा सोयीची होती. म्हणजे तेथील तळघर ही हौस नसून हवामानाने लादलेल्या खोदाईचा केलेला सदुपयोग होय. आपल्याकडे जमीन गोठत नाही. सबब ते कारण आपणांस लागू पडत नाही.

तथापि आपल्या पूर्वजांस जमिनीखालच्या जागेचा उपयोग ठाऊक नव्हता असे मात्र नव्हे. मराठवाड्यातील शेतकरी धान्य साठविण्याकरिता जमिनीत पेव खणीत असत. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार त्याचीच आठवण आहे. जुन्या वाड्यांत भिंतीच्या पोटात बळदे असत व काही वाड्यांत तळघरेही असत. आपल्या शहरातील बाबा शाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्यातील पाणचक्की आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेली आहेच. तेथील मोठ्या हौदाचा तळ हाच खालच्या एका विस्तीर्ण दालनाचे छत आहे, व डोक्यावरील पाण्यामुळे ते दालन उन्हाळ्यात थंड राहते. जमीन उष्णता सावकाश घेते व सावकाश सोडते. त्यामुळे काही मीटर खोलीवर उन्हाळा व हिवाळा ह्यांतील फरक फार थोडा जाणवतो. वैशाखात जेथे पारा ४० अंशांच्या वर जातो, तेथे गारव्याच्या जागेची इच्छा होणे अगदी स्वाभाविक आहे. तेव्हा तळघराची कल्पना मूर्खपणाची आहे असे कोणी समजू नये. प्रश्न एवढाच की, आपल्या पायाखालची भूमी ह्या इच्छेस कितपत अनुकूल आहे?

आपला सारा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून हा खडक झाला. त्याचा वरचा भाग ऊन, पाऊस व वारा ह्यांनी कुजून मुरूम बनला, आणि मुरुमाचीही झीज होऊन काळी माती झाली. म्हणून खणावयास लागले असता बहुधा प्रथम काळी माती, तिच्याखाली मुरूम व शेवटी खडक असा क्रम आढळतो. परंतु प्रत्येक थराची जाडी जागोजाग निराळी असते. डोंगराच्या पायथ्याशी हातभर खणताच मुरूम लागावा, आणि नाल्याकाठच्या सखल जागी दोन-अडीच मीटरपर्यंत नुसती काळी मातीच निघावी, असा भेद एकाच शहरात दिसून येतो.

ही काळी माती कापसास जितकी हितकर, तितकीच घरास अहितकर आहे. तिच्यातील बारीक चिकणकण पाणी पिऊन फुगतात व वाळले म्हणजे आकसतात. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा हा त्याचा प्रत्यक्ष पुरावा होय. घराचा पाया अशा मातीवर टेकला असेल तर पावसाळ्यात तो उचलला जातो, उन्हाळ्यात खाली बसतो, आणि दरसाल भिंतींस तिरक्या चिरा पडतात. विद्यार्थ्यांस ह्याचा एक सोपा प्रयोग शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली करून पाहता येईल. काळी माती पूर्ण वाळवून बारीक चाळावी. तिचे १० घनसेंटिमीटर एका १०० घनसेंटिमीटरच्या मोजपात्रात व तितकेच दुसऱ्यात घालावे. एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल भरून, ढवळून, २४ तास स्थिर ठेवावे. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा, रॉकेलात ती ११ व पाण्यात १८ घनसेंटिमीटर भरली, तर फरक ७, आणि ७ भागिले ११ म्हणजे सुमारे ६४ टक्के फुगवटा झाला. हा आकडा ५० च्या वर गेला म्हणजे माती फुगणारी समजून पायाची विशेष काळजी घ्यावी लागते. अशा मातीकरिता रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगीर बुंधा असलेले काँक्रीटचे खुंट प्रचारात आणले. ऋतूंप्रमाणे मातीची हालचाल जेथे थांबते, अशा सुमारे ३.५ मीटर खोलीपर्यंत ते नेतात व त्यांवर घराचा भार टेकतात.

लूकच्या शुभवर्तमानातील घर बांधणाऱ्याने खोल खणून खडकावर पाया घातला, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. तेथे खोल खणण्याचा उल्लेख आहे तो पाया खडकावर टेकावा म्हणून. खाली एक खोली मिळावी म्हणून नव्हे. हा भेद ध्यानात ठेवला असता पुढील गोष्ट सहज कळेल. ज्या जागी मुरूम वरच लागतो तेथे पायास थोडेच खणावे लागते, आणि तळघराकरिता पुढे कठीण खडक फोडावा लागतो. शेजारी वस्ती असता सुरुंग लावणे धोक्याचे. म्हणून तो यंत्राच्या छिन्नीने फोडावा लागतो व त्याचा खर्च मोठा येतो. उलट जेथे काळी माती खोल आहे, तेथे खणणे सोपे, पण तीच माती भिंतींवर बाहेरून रेटा देते. येणेप्रमाणे सोपी जागा ही धोक्याची व धोका कमी असलेली जागा ही महाग, असा पेच आपल्या भूमीत आहे.

आता पाण्याचा विचार करू. आपल्याकडे वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, व त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत पडतो. हे पाणी मुरुमातून व खडकाच्या फटींतून खाली उतरते. अजिंठ्याची लेणी अखंड खडकात कोरलेली असूनही पावसाळ्यात तेथे भेगांतून पाणी झिरपते, मग आमच्या विटांच्या भिंतीची काय कथा? तळघरासाठी खणलेला खड्डा म्हणजे एक प्रकारची विहीरच होय, आणि विहिरीकडे पाणी येणारच.

ह्या पाण्याचे बळ किती असते, ते आठव्या-नवव्या इयत्तेतील विद्यार्थ्यांस मांडून पाहता येईल. एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलोग्रॅम. समजा, तळघर आतून ६ मीटर लांब व ५ मीटर रुंद असून त्याची जमीन बाहेरच्या जमिनीपासून २.५ मीटर खाली आहे, व अतिवृष्टीत सभोवारचे पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत चढले आहे. तळाशी दर चौरस मीटरवर २,५०० किलोग्रॅम दाब येईल. भिंतीवर तो वर शून्य व खाली २,५०० असा वाढत जातो. त्याची सरासरी १,२५०. लांब भिंतीचे क्षेत्रफळ १५ चौरस मीटर. म्हणजे त्या एकाच भिंतीस १८,७५० किलोग्रॅम भार आडवा ढकलील, व मातीचा रेटा आणखी निराळा. तळाचे क्षेत्रफळ ३० चौरस मीटर; त्यास पाणी खालून वर ७५,००० किलोग्रॅम, म्हणजे ७५ टन बळाने उचलील. तेथे १५ सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट टाकले असेल तर त्याचे स्वतःचे वजन अवघे १०.८ टन भरते. नुसती फरशी वा पातळ काँक्रीट अशा वेळी मध्यभागी फुगून फुटते ते का, हे ह्यावरून कळून येईल. म्हणून तळघराचा तळ व भिंती सळईच्या काँक्रीटमध्ये एकसंध ओतून, साऱ्या घराचे वजन त्या तळाशी बांधून टाकावे लागते. बाहेरून शहाबादी फरशी लावून पेटीसारखे पाणीबंद काम करावे लागते, सभोवार पाणी वाहून नेणारा चर ठेवावा लागतो, आणि एवढे करूनही उपशाचा पंप सज्ज ठेवावा लागतो. ज्या रात्री पाऊस मुसळधार कोसळतो त्याच रात्री वीजही जाण्याचा संभव अधिक, हे गृहस्थांनी विसरू नये.

खोदाईचाही हिशोब करावा. वर सांगितलेल्या तळघराकरिता भिंतींची जाडी व काम करण्याची जागा धरून ७.५ मीटर लांब, ६.५ मीटर रुंद व ३ मीटर खोल खड्डा घेतला, तर सुमारे १४६ घनमीटर खोदाई होते. तेवढ्याच घराचा साधा पाया भिंतींच्या ओळीने २२ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद व १.२ मीटर खोल घेतला, तर ती २० घनमीटरांच्या आत राहते. म्हणजे खोदाई सातपटीहून अधिक झाली. खणलेली माती सुटी होऊन चौथाई ते तिहाईने फुगते. तिचे १८० ते १९५ घनमीटर होतील, व ६ घनमीटर माती नेणाऱ्या टिप्परच्या तीस-बत्तीस खेपा लागतील.

एवढ्यावर एकट्या घराचा विचार संपतो. पण जोडघराचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. समजा, दोघा बंधूंनी जागा अर्धी अर्धी घेतली. थोरल्यास तळघर हवे, धाकट्यास तो खर्च झेपत नाही. “तुम्ही तुमच्या भागात खणा, दादा, मी माझ्या भागात साधा पाया घेतो,” असे धाकटा म्हणाला, तर ते बोलणे न्यायाचे वाटते; परंतु भूमी वाटणीपत्र ओळखत नाही. पायावरचा भार सरळ खाली न उतरता दोहों बाजूंस पसरत उतरतो. उथळ पायाच्या शेजारीच त्याहून खोल खड्डा घेतला, म्हणजे त्या पायाखालच्या मातीचा आधार काढून घेतला जातो. माती खड्ड्याकडे सरकते, मधली भिंत खचते, आणि ज्याने काहीच खणले नाही त्याच्याच घरास तडे जातात. घरे एकदम न बांधता धाकट्याने आधी बांधले व थोरल्याने मागाहून खणले, तर हा धोका अधिकच वाढतो.

इंग्लंडात जोडघरे फार असल्यामुळे तेथे ह्या विषयाचा स्वतंत्र कायदाच आहे. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडन पुन्हा बांधताना सामाईक भिंतींसंबंधी नियम करण्यात आले, व त्यांची परंपरा पुढे १९९६ च्या सामाईक भिंतींच्या कायद्यापर्यंत आली. त्याप्रमाणे शेजाऱ्याच्या इमारतीपासून ३ मीटरांच्या आत तिच्या पायाहून खोल खणावयाचे असेल, तर शेजाऱ्यास एक महिना अगोदर लेखी सूचना द्यावी लागते. ६ मीटरांपर्यंतही, शेजाऱ्याच्या पायाच्या तळापासून ४५ अंशांत उतरणारी रेषा ओलांडून खोदाई खाली जात असेल, तर तीच अट आहे. आपल्याकडील १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही, प्रत्येकाच्या जमिनीस तिच्या स्वाभाविक स्थितीत शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे, हे तत्त्व उदाहरणासह मांडलेले आहे. कायद्याची भाषा काहीही असो, त्यामागील नीती सोपी आहे: आपल्या हद्दीत खणतानाही दुसऱ्याच्या पायाखालची माती हलवू नये.

म्हणून आमचे मत असे आहे की, जोडघरात तळघर घ्यावयाचे तर ते दोघांनी, एकाच वेळी, एकाच खोलीपर्यंत व एकाच अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे घ्यावे. एरवी कोणीच घेऊ नये. मधली भिंत कोणाच्या खर्चाने, पाणीबंद कामाची दुरुस्ती कोणी करावी, पंप कोणाच्या विजेवर चालावा, एकाने घर विकले तर पुढील मालकावर कोणते बंधन राहील, हे सर्व बांधकामापूर्वी लिहून ठेवावे. भावाभावांत लिखापढी कशाला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांस वाटते की भावाभावांतच ती अधिक अगत्याची; कारण परक्याशी भांडण झाले तर पैसा जातो, भावाशी झाले तर त्याहून मोलाचे काही जाते. मधली भिंत मातीत रचलेल्या जाड दगडांची नसावी, हेही येथे सांगितले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीस झालेल्या भूकंपात अशाच भिंती व त्यांवरील माळवदे कोसळून हजारो माणसे निजल्या जागी गेली. जाडी म्हणजे मजबुती नव्हे. सांधा म्हणजे मजबुती.

शेवटची गोष्ट हवेची व सुटकेची. पेवात उतरण्यापूर्वी जुने शेतकरी काही वेळ तोंड उघडे ठेवीत व पेटता दिवा आत सोडून पाहात. साठविलेले धान्य श्वासोच्छ्वास करते, प्राणवायू कमी होतो, व हवेहून जड असलेला कर्बद्विप्राणिल वायू तळाशी साचतो. दिवा विझला तर माणसाने उतरू नये हे ते अनुभवाने जाणत. तळघरातही जड वायू खाली राहतो. तेथे गॅसची टाकी, जनित्र किंवा कोळशाची शेगडी ठेवणे म्हणजे मरणास आमंत्रण देणे होय. दुसरे असे की, पाणी शिरू लागले म्हणजे ते जिन्यावरूनच शिरते, व बाहेर पडण्याची वाटही तीच असते. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणीच्या इमारतीच्या तळघरातील वाचनालयात पावसाचे पाणी भरून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे तीन विद्यार्थी बुडून मेले. ते तळघर सामान व वाहने ठेवण्यासाठी मंजूर झालेले होते, वाचनासाठी नव्हे. आपल्या राज्यातही २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीने तळघराचे उपयोग ठरवून दिले आहेत. हे नियम कचेरीतील अडवणूक नसून कोणाच्या तरी प्राणांच्या मोलाने शिकलेले धडे असतात. पालकांनी आपल्या मुलांची अभ्यासाची किंवा निजावयाची खोली तळघरात करू नये, एवढे आम्ही आग्रहाने सांगतो.

मग ज्यास जागा कमी पडते त्याने काय करावे? प्रथम दोन खड्डे खणून पाहावेत, एक उन्हाळ्यात व एक भाद्रपदाच्या सुमारास, म्हणजे माती व पाणी दोहोंची साक्ष मिळेल. मुरूम चांगला असून पाणी लागत नाही, जागेस उतार आहे व पाणी आपोआप बाहेर वाहून जाऊ शकते, शेजारी सहमत आहे आणि पदरी पैसा आहे, तर सामानापुरते किंवा वाहनापुरते तळघर काढण्यास हरकत नाही. उतारावर तर घराच्या खालच्या अंगास अर्धे उघडे दालन थोडक्यात निघते. त्यास उजेड, वारा व बाहेर पडण्याची सरळ वाट, तिन्ही मिळतात. परंतु सपाट जागी, विशेषतः काळ्या मातीत व नाल्याच्या जवळ, तोच पैसा वरच्या मजल्यावरील एका खोलीत, चांगल्या माळ्यात व भिंतीतील कपाटांत घालावा. जोते रस्त्याहून चांगले उंच घ्यावे. खणावयाचेच असेल तर पावसाचे पाणी साठविण्याची टाकी खणावी, व तीही मधल्या भिंतीपासून दूर. ज्या पाण्यास तळघरातून उपसून काढण्यात आयुष्य जावयाचे, तेच पाणी टाकीत आले तर उन्हाळ्यात उपयोगी पडेल.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे अभियंते होतील, कोणी गवंडीकाम शिकतील, आणि बहुतेक सर्व कधी ना कधी घर बांधतील. त्यांनी आराखडा काढण्यापूर्वी कुदळ हाती घ्यावी, आणि कुदळ मारण्यापूर्वी शेजाऱ्याचे दार ठोठवावे.